पाळणाघरातील खाजेचा समाधानकारक अहवाल

मानवजातीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात: ज्यांना खाज सुटते ते, आणि ज्यांना त्या खाजेचा त्रास होतो ते. ही दोन्ही माणसं एकच असतात असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. खाज सुटलेला माणूस खाजवतो आणि त्यातल्या त्यात सुखी असतो. जीव कासावीस होतो तो शेजारी बसलेल्याचा. वैद्यकशास्त्राने हे फार पूर्वी ओळखलं आणि खाजेवर असं एक गुंगीचं औषध काढलं, की ते घेतो एक आणि आराम पडतो आसपासच्या पाच जणांना. इतकी परोपकारी औषधं फार थोडी. (शेजाऱ्याने गोळी घेतली आणि आपली डोकेदुखी उतरली, असं अजून ऐकिवात नाही.)

या औषधाने आमच्या घरात, मुलीच्या पाळणाघरात आणि काही अंशी माझ्या नवऱ्यात जी सुधारणा घडवून आणली, तिची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

मूळ रुग्ण आमची मुलगी. वय चार वर्षं दोन महिने. घरात तिला भिंगरी म्हणतात. का म्हणतात हे तिला पाच मिनिटं सांभाळलेल्या कोणालाही विचारावं. पायांपेक्षा तिचं तोंड जास्त फिरतं. आजारापूर्वीच्या एका रविवारी मी मोजलं होतं: नाश्ता ते दुपारचं जेवण, प्रश्न एकशे चौदा. वानगीदाखल: मुंगी पडली तर तिला लागतं का? उद्या आत्ता कुठे आहे? आजीचे दात वाटीत असतात तेव्हा काय खातात? (हा शेवटचा प्रश्न पाहुण्यांसमोर आला होता.) प्रश्न मोजणाऱ्या आईला लोक हसतात हे मला माहीत आहे. पण मी ज्या कार्यालयात काम करते तिथे इतर कार्यालयांनी कोणते नमुने भरून घ्यावेत त्याचे नमुने तयार होतात, आणि दिवसभर रकाने आखणाऱ्या बाईला घरी येऊन एकदम मोजणं थांबवता येत नाही.

एका मंगळवारी दुपारी चार वाजता भिंगरीच्या अंगावर पित्त उठलं. आधी कोपरापाशी डास चावल्यासारखं काहीतरी. मग ते पसरलं, फुगलं, शेजारच्याला जाऊन मिळालं. ती नखांनी कराकरा ओढायला लागली. मी बॉलपेन घेतलं आणि प्रत्येक चट्ट्याभोवती रेष ओढून आत वेळ लिहिली. चार दहा. चार बावीस. हेतू असा, की चट्टा वाढतोय की ओसरतोय ते कळावं. पण पित्ताला शिस्त नाही. चार दहाचा चट्टा पाचपर्यंत पार नाहीसा झाला आणि पाच पाचचा गुडघ्यावर उगवला. संध्याकाळपर्यंत पोरीच्या अंगावर सतरा गोल झाले, त्यातले अकरा रिकामे.

"अगं, ही पोरगी आहे की तपासलेली उत्तरपत्रिका?" सासूबाई म्हणाल्या.

आमचे नेहमीचे डॉक्टर लिहिता लिहिता वर बघत नाहीत. त्यांनी गोल पाहिले नाहीत, वेळाही पाहिल्या नाहीत. "पित्त आहे. हे गुलाबी सरबत द्या, मात्रा लिहिली आहे. खाज कमी होईल. झोप येईल."

"झोप येणं म्हणजे दुष्परिणाम ना?" मी विचारलं.

तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. "बाई, घरी देऊन बघा. मग त्याला दुष्परिणाम म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा."

बुधवारी सकाळी अकरा वाजता पहिला चमचा दिला. साडेअकराला भिंगरी एका वाक्याच्या मधोमध, "आई, जर समजा झाडाला" इथे झोपली, ती सव्वादोनला उठली. या काळात घरात पुढील गोष्टी घडल्या. चहा गरम असताना प्यायला गेला. सासूबाईंनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पुरं केलं. नवरा घरूनच काम करतो. त्याने आणि मी मिळून अकरा वाक्यं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोललो, त्यातली सात रिमोट कुठे आहे याविषयी होती हे खरं, पण पुरी होती. मी दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला. श्वास व्यवस्थित होता. तरी मी बोट धरत राहिले, कारण एवढी शांतता मला सवयीची नव्हती आणि तिच्यात काहीतरी बिघडलंय असं उगाचच वाटत होतं.

"बघ, एकदाही खाजवलं नाही पोरीने," सासूबाई म्हणाल्या.

त्यावर तर्कशास्त्राच्या बाजूने काही बोलता येण्यासारखं नव्हतं. झोपलेलं मूल खाजवत नाही. जे खाजवत नाही, त्याला खाज नाही. सबब, झोपलेल्या मुलाला खाज नाही. हा निष्कर्ष एकदा मान्य झाल्यावर पुढचं सगळं ओघानेच आलं.

गुरुवारी पाळणाघर. तिथला नियम कडक: पालकांच्या लेखी पत्राशिवाय कोणतंही औषध दिलं जाणार नाही. मी पत्र दिलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, आणि मुलीच्या दंडावर एक गोल काढून पाठवलं, म्हणजे दुपारचा चमचा कशासाठी आहे ते मावशींना कळावं. मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस. बावीस मुलांचं खाणं, पुसणं, निजवणं आणि रडणं त्या एकट्या बघतात. संचालिकाबाईंकडे उरलेलं सगळं असतं, म्हणजे मुख्यतः फलक.

पहिल्या दिवशी भिंगरी बारा चाळीसला झोपली. पाळणाघराच्या इतिहासात ती दुपारी प्रथमच झोपत होती, आणि ही गोष्ट काही लपून राहण्यासारखी नव्हती. दारात मुलं न्यायला आलेल्या आयांमध्ये एक 'जुळ्यांची आई' म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला आता दागिन्यासारखी शोभतात. तिने मला कोपऱ्यात घेतलं.

"भिंगरीची आई, खरं सांग हं. काय देतेस?"

"पित्ताचं औषध. तिला खाज येते ना."

"हो का," ती म्हणाली, आणि थोडा विचार करून दंड चोळत पुढे म्हणाली, "आमच्या दोघांनाही हल्ली येते बाई."

सोमवारी जुळी मुलं दंडावर बॉलपेनचे गोल घेऊन आली. मंगळवारी आणखी चार जण. पित्त हा संसर्गजन्य आजार नाही असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी पाळणाघराच्या दारात उभं राहून पाहिलेलं दिसत नाही. पहिला आठवडा संपताना रुग्णसंख्या नऊ होती, दुसरा संपताना सोळा, आणि तिसऱ्याच्या बुधवारी एकोणीस. विशेष म्हणजे आजाराने या काळात स्वतःला शिस्त लावून घेतली. सुरुवातीचे चट्टे वेडेवाकडे, कडा फाटलेले होते. दुसऱ्या आठवड्यापासून ते बरोबर वाटोळे आणि सगळे एकाच मापाचे यायला लागले. मी सहज ताडून पाहिलं. माप औषधाच्या बाटलीच्या झाकणाचं होतं.

संचालिकाबाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं ओरडणार. त्यांनी खुर्ची दिली.

"तुम्ही नमुने बनवता ना? मग एक आपल्यालाही बनवून द्या की. हे पत्र, ते पत्र, फार पसारा होतोय. आणि तुमची ती गोलाची पद्धत फार छान आहे हं. आम्ही नियमच करतोय. गोल असेल तर चमचा. गोल नाही, चमचा नाही. शिस्त पाहिजे."

माझ्या आयुष्यात माझी पद्धत कुणी नियम म्हणून स्वीकारली नव्हती. कार्यालयात तर माझा स्वल्पविरामसुद्धा कोणी स्वीकारत नाही. मी त्या रात्रीची वाट न बघता जेवणाच्या सुट्टीतच 'खाज नमुना क्रमांक एक' तयार केला. रकाने नऊ. पाल्याचं नाव, वय, गोलांची संख्या, गोल काढणाऱ्याचं पाल्याशी नातं, खाज सुरू होण्याची वेळ (ही आगाऊ छापलेली होती: बारा वाजून तीस मिनिटे, कारण मावशींचं जेवण पाऊणला असतं), वगैरे. सातव्या रकान्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे: "आपल्याला खाज आहे हे पाल्यास ज्ञात आहे काय? (होय / नाही / झोपेत)." मात्रा वजनाप्रमाणे द्यावी अशी तळटीप मी घातली होती. पाळणाघरात वजनकाटा नसल्याने ती अंदाजाप्रमाणे दिली जाई, आणि अंदाज मावशींचा असे. मावशींनी एकदा मला हळूच विचारलं होतं, "ताई, हे सगळं ठीकच असेल ना हो?" मी म्हणाले, नमुना भरलाय ना. त्या म्हणाल्या, हो, नमुना भरलाय. दोघींचं समाधान झालं.

याच सुमारास तपासणी अधिकारी येऊन गेले. पाळणाघरांची वर्षातून एकदा पाहणी होते आणि दरवर्षी "गोंगाट" या सदराखाली आमचं पाळणाघर मार खातं. या वेळी अधिकारी दुपारी एकला आले. बावीसपैकी एकोणीस मुलं दोन ओळींत, हात शरीराच्या बाजूला, मुठी सैल. उरलेली तीन, ज्यांच्या पालकांनी नमुना भरला नव्हता, ती घाबरून गप्प होती. अधिकाऱ्यांनी बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर फिरत पाहणी केली. "मुले शिक्षकांशी मोकळेपणाने बोलतात काय" यापुढे त्यांनी "तक्रार नाही" असं लिहिलं. सर्वोत्तम श्रेणी मिळाली. जाताना त्यांनी नमुन्याच्या दोन प्रती मागून घेतल्या. एक कार्यालयासाठी, एक घरी नातवंडं आहेत म्हणून.

मग वार्षिक संमेलन झालं. नृत्यनाट्याचं नाव 'जंगलातली पहाट'. पडदा उघडला. सिंह झोपलेला, हरणं झोपलेली, झाडं झोपलेली. (झाडं उभी असतात असा एका आजोबांनी आक्षेप घेतला, त्यांना वादळानंतरचं जंगल असल्याचं सांगण्यात आलं.) पार्श्वसंगीतात पक्षी किलबिलत होते आणि सूर्य झालेला मुलगा मंचाच्या कडेला कागदी किरणांवर गाल टेकून घोरत होता. पहाट शेवटपर्यंत झाली नाही. पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, अर्थात हलक्या हाताने. कुणाच्याच मुलाने पायऱ्यांवर रडून आईला बोलावलं नाही, कुणी मंचावरून हात हलवला नाही, कुणाला मध्येच लघवीला लागली नाही. कार्यक्रम इतका सुरळीत झाला की आम्हाला सगळं लक्ष फोटोंकडे देता आलं.

घरीही प्रगती होती. सासूबाईंच्या पोटरीला खाज यायला लागली, नेमकी नवरा मोठ्याने बातम्या वाचायला लागला की. नवऱ्याला मानेवर यायला लागली, नेमकी मी "आपल्याला जरा बोलायला हवं" असं म्हटलं की. एका शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तिघंही बैठकीत निजलेली. कुणी खाजवत नव्हतं. मी एकटीच जागी उभी होते आणि मला जे वाटलं त्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी भांडी घासली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खरं तर मी ती अहवालातून वगळणार होते.

मी भिंगरीचे प्रश्न मोजत होते. सवय. पहिल्या आठवड्यात रोजचे साठ. दुसऱ्यात बावीस. मग नऊ. ज्या बुधवारी पाळणाघरात एकोणीस रुग्ण झाले, त्या दिवशी तीन: पाणी देतेस? झोपू? आज कोणता वार आहे, हे विचारलं की नाही याबद्दल मला खात्री नाही, कारण ती वाक्याच्या शेवटापर्यंत पोचली नाही. तिला खाज होती? अधूनमधून होती. चट्टे येत होते, जात होते. पण कशाने येतात ते शोधावं असं माझ्याशिवाय कुणाच्या मनात येत नव्हतं. मी एक वही केली होती: काय खाल्लं, कोणता साबण, कोणते कपडे. एक्केचाळीस पानं. ती ज्याला दाखवावी तो म्हणायचा, "झोपलीये ना शांत? मग कशाला उकरतेस?"

आणि एका गुरुवारी, मला दुपारी चारपर्यंत कार्यालयात एक नमुना द्यायचा होता आणि नवऱ्याची बैठक होती आणि सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. भिंगरी त्या दिवशी घरी होती. तिच्या अंगावर एकही चट्टा नव्हता. मी बघितलं, दंड, पोट, पाठ, गुडघ्यामागे. स्वच्छ. मग मी बॉलपेन घेतलं. बाटलीचं झाकण घेतलं. तिने स्वतःहून दंड पुढे केला, जसा आपण दुकानदारापुढे पिशवी धरतो तसा, काहीही न विचारता. मी झाकण ठेवलं, गोल काढला, आत वेळ लिहिली. नमुना वेळेवर गेला. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

हे "काहीही न विचारता" मला नंतर झेपलं नाही. शुक्रवारी मी रजा टाकली आणि तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ही बाई माझ्याच वयाची, केस वर बांधलेले, टेबलावर काही नाही. तिने वही पूर्ण वाचली. मला रडू यायचं बाकी होतं. त्या वहीची एवढी कदर कुणी केली नव्हती. मग तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि भिंगरीच्या दंडावरचा गोल पुसला.

"चट्टा कुठे आहे?"

"होता. मंगळवारी."

"आणि ही रेष होती ती?"

"कालची."

तिने बोळा टोपलीत टाकला. मी घाईघाईने विचारलं की या औषधाने खाज थांबत नाही का मग.

"थांबते ना. कोण नाही म्हणतंय? पण याने खाजेबरोबर मूलही थांबतं. दुसरं औषध आहे, खाज तेवढीच थांबते, आणि झोप सहसा येत नाही. लहान मुलांनाही देतात." तिने चिठ्ठी लिहायला घेतली आणि पेन मध्येच थांबवलं. "तुम्हाला नक्की काय थांबवायचं आहे, ते मला आधी सांगा."

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. तिने आणखी सांगितलं की पित्ताचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, ते काही आठवड्यांत आपलं आपण जातं. ओठ सुजले, श्वास लागला तर मात्र वही-बिही न काढता थेट रुग्णालय गाठायचं. एक्केचाळीस पानं आणि कारण नाही. माझ्यासारख्या बाईला याहून मोठं शासन नाही.

नव्या औषधाच्या तिसऱ्या दिवशी चट्टे आले आणि तासाभरात विरले. भिंगरी जागी होती. चौथ्या दिवशी तिने बादलीत डोकं घालून विचारलं, "आई, आवाज ओला होतो का?" मी तिथेच मोरीत बसले. मग उठून नोंद केली: प्रश्न क्रमांक एक.

पाचव्या दिवशी ती पाळणाघरात गेली आणि सहाव्या दिवशी पत्र आलं.

"आपल्या पाल्याची खाज पूर्णपणे बरी झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. त्यामुळे सदर पाल्य दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत जागे आढळते. इतर पाल्यांच्या उपचारात व्यत्यय येतो. तरी या संदर्भात योग्य तो उपाय तातडीने करावा." सोबत नमुना क्रमांक एकची कोरी प्रत. माझ्याच रकान्यांना मी कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. फार नीटनेटके होते.

पालकसभा शनिवारी दुपारी भरली, पाळणाघरातच, निजलेल्या मुलांच्या पलीकडच्या खोलीत, आणि सर्वांनी दबक्या आवाजात बोलावं असं ठरलं. नवरा माझ्याबरोबर आला होता. भिंगरी कोपऱ्यात ठोकळे रचत होती.

"काल तिने माझ्या दोघांना हलवून उठवलं," जुळ्यांची आई कुजबुजली. "विचारत होती, तुम्ही आत काय बघता?"

"आमच्याकडे घरी आल्यावरसुद्धा जागा राहतो मग," एक बाबा कुजबुजले. "माणसाने काय करायचं काय?"

"हे बघा," संचालिकाबाई म्हणाल्या, "आम्हाला कुणाला काढायचं नाहीये. तुम्ही पूर्वीसारखं सुरू करा, विषय संपला. तुम्हीच तर सुरुवात केली होती."

हे खरं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा हात मानेकडे चालला होता. अर्ध्या वाटेवर त्याने तो खाली घेतला आणि म्हणाला, "तिला खाज नाहीये. नसेल तर नाहीये." आमच्या लग्नानंतर त्याने सभेत बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"मी एक विचारू का?" मी म्हणाले. "आज आत जी मुलं निजली आहेत, त्यांतल्या किती जणांच्या अंगावर खरंच पित्त आहे?"

मावशी दारात उभ्या होत्या, हातात ओला रुमाल. "एकाच्याही नाही," त्या म्हणाल्या. "रोज मीच पुसते ना त्यांना. गोल पुसले जाऊ नयेत म्हणून जपून पुसते."

"मावशी, हा तुमचा विषय नाही," संचालिकाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून, दबक्या आवाजाचा ठराव कुणी तिला न कळवल्यामुळे पूर्ण आवाजात, प्रश्न आला: "आई, मोठी माणसं भांडायला लागली की त्यांना का नाही देत चमचा?"

पलीकडच्या खोलीत एक मूल रडायला लागलं. मग दुसरं. सभा बरखास्त झाली आणि सगळे आपापल्या मुलांकडे धावले, बहुतेक बाटल्या घेऊन. जुळ्यांची आई तेवढी मधेच थांबली. तिचा एक मुलगा डोळे चोळत तिला विचारत होता, "तू कधी आलीस?" ती त्याच्याकडे असं बघत होती, की जणू त्याने फार दिवसांनी दार उघडलं होतं. बाटली तिच्या हातातच होती. पुढे तिने काय केलं ते मी पाहिलं नाही. भिंगरी माझा पदर ओढून निघायची घाई करत होती.

पाळणाघरातली जागा गेली. सध्या मीही घरूनच काम करते. चट्टे दोन आठवड्यांपासून आलेले नाहीत. कशाने आले होते ते कळलं नाही आणि बहुधा कळणारही नाही. गेल्या रविवारचा आकडा: नाश्ता ते जेवण, एकशे एकतीस. सासूबाईंचं कोडं अर्धवट आहे. चहा थंड आहे. नवऱ्याचं आणि माझं एक वाक्य मंगळवारपासून मध्येच अडकून पडलं आहे. पाळणाघराने, असं ऐकते, यंदाच्या आदर्श संस्थेचा फलक दर्शनी भागात लावला आहे, आणि तिथे आता प्रवेशासाठी रांग असते.

हा अहवाल लिहायला मला एकोणीस दिवस लागले, कारण एकेका परिच्छेदात मला सरासरी सहा वेळा उठावं लागलं. तुम्ही मात्र तो एका दमात वाचून काढलात. मध्ये कुणी हाक मारली नाही, कुणी बाही ओढली नाही, कुणी काहीही विचारलं नाही. तुमचं घर अगदी शांत आहे.

जरा आत जाऊन बघून या.